दुर्गाबाई कामत

दुर्गाबाई कामत या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री आणि भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्री कलाकार होत्या. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये नाशिक येथे तयार केलेल्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात त्यांनी पार्वतीची भूमिका केली. त्याच चित्रपटात मोहिनीची भूमिका त्यांची १३ वर्षांची कन्या कमला हिने केली. ही कमला पुढे कमलाबाई गोखले या नावाने प्रसिद्धीस आली. पतीपासून विभक्त झाल्यानंतर लहान मुलीसह चरितार्थ चालविण्यासाठी दुर्गाबाईंनी नाट्यव्यवसाय पत्करला होता आणि चित्रपटातील त्यांचा प्रवेश हा त्याच चरितार्थाचा पुढचा टप्पा होता. अभिनेता चंद्रकांत गोखले हे त्यांचे नातू, तर विक्रम गोखले हे पणतू होत.

कौटुंबिक पार्श्वभूमी

दुर्गाबाईंचा विवाह आनंद नानोसकर यांच्याशी झाला होता. नानोसकर हे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत इतिहासाचे अध्यापक होते. ६ सप्टेंबर १९०० रोजी कमलाचा जन्म झाला. १९०३ च्या सुमारास पती-पत्नी विभक्त झाले आणि अवघ्या तीन वर्षांच्या मुलीच्या संगोपनाची संपूर्ण जबाबदारी एकट्या दुर्गाबाईंवर आली.

त्या काळातील हिंदू स्त्रीच्या दृष्टीने ही परिस्थिती वैधव्यापेक्षाही अडचणीची होती. विधवांसाठी निदान काही संस्था उभ्या राहू लागल्या होत्या. धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला होता व तेथे प्रामुख्याने विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्याचे काम चालू होते. पती हयात असताना वेगळी राहणारी स्त्री मात्र या व्यवस्थेच्या बाहेर पडत असे. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले ते १९०९ मध्ये, म्हणजे दुर्गाबाईंवर हा प्रसंग आल्यानंतर काही वर्षांनी. कायद्याचा आधारही तोकडा होता. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाची तरतूद १९४७ च्या कायद्याने प्रथम मिळाली, आणि स्वतंत्र राहणाऱ्या विवाहित हिंदू स्त्रीच्या पोटगीचा कायदा १९४६ मध्ये झाला. माहेरच्यांनी किंवा सासरच्यांनी आसरा न दिल्यास अशा स्त्रीला उपजीविकेसाठी परक्या घरी स्वयंपाकपाणी व धुणीभांडी करणे हा एक मार्ग उरे. तो पत्करला तरी लहान मुलाला दिवसभर कोणाजवळ ठेवावयाचे हा प्रश्न सुटत नसे. घरकामाला ठेवणाऱ्या कुटुंबांना लेकुरवाळी बाई सहसा नको असे.

दुर्गाबाईंनी याहून वेगळा आणि समाजाच्या दृष्टीने अधिक निंद्य मानला जाणारा मार्ग निवडला. त्या फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाल्या.

नाट्यव्यवसाय

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकाने संगीत नाटकाचे युग सुरू झाले होते. या रंगभूमीवर शकुंतला असो वा सुभद्रा, स्त्रीभूमिका पुरुषच करीत. भाऊराव कोल्हटकर व त्यांच्यानंतर बालगंधर्व यांच्या स्त्रीभूमिकांनी प्रेक्षक इतके भारावलेले होते की, रंगमंचावर प्रत्यक्ष स्त्री असावी अशी गरजच अनेकांना वाटत नसे. बंगालमध्ये १८७३ पासून व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया काम करू लागल्या होत्या, परंतु त्या गणिकांच्या वस्तीतून आलेल्या असल्याने नटी म्हणजे गणिका हे समीकरण तेथेही दृढच झाले. महाराष्ट्रात पांढरपेशा घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावणे ही कल्पनाच असह्य मानली जाई. दुर्गाबाई ब्राह्मण कुटुंबातील होत्या. नाटकात काम करू लागताच त्यांना ज्ञातीच्या रोषाला व बहिष्काराला तोंड द्यावे लागले.

असे असूनही नाटक मंडळीत एक गोष्ट अशी होती की जी अन्य कोणत्याही नोकरीत मिळण्याजोगी नव्हती. त्या काळच्या फिरत्या नाटक मंडळ्या म्हणजे चालतीबोलती बिऱ्हाडे असत. मालक, नट, साथीदार, आचारी आणि पडदे ओढणारे असा सारा कबिला गावोगाव एकत्र फिरे, एका वाड्यात उतरे आणि एकाच पंगतीला जेवे. पगार थोडा असला तरी राहण्या-जेवण्याची सोय कंपनीकडून होई. आईला मूल घरी टाकून कामावर जावे लागत नसे, कारण घर आणि कामाची जागा एकच होती. तालमीच्या वेळी मूल समोर बसलेले असे, प्रयोगाच्या वेळी विंगेत झोपलेले असे. नाटके रात्रभर चालत, त्यामुळे या झोपेला विशेष अर्थ नव्हता ही गोष्ट वेगळी.

या सोयीची किंमतही होती व ती मुलाला मोजावी लागे. कंपनी एका गावात फार काळ राहत नसल्यामुळे कमलाला शाळेत घालणे शक्य झाले नाही. तिचे जे शिक्षण झाले ते आईजवळ व कंपनीच्या तालमीत. शिवाय नाटक मंडळीत वाढणारे मूल फार दिवस नुसते प्रेक्षक राहत नसे. बालभूमिकांसाठी मुले लागतच आणि कमला चार-पाच वर्षांची असतानाच रंगमंचावर उभी राहिली. गायन, नृत्य व संवाद हे तिचे खेळ झाले आणि लवकरच ते तिचे कामही झाले. आईच्या कमाईत मुलीची कमाई मिसळू लागली. मुलीला सांभाळता यावे म्हणून दुर्गाबाईंनी जो व्यवसाय निवडला, त्याच व्यवसायाने मुलीचे बालपण घेतले, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीला धरून होईल. दुर्गाबाईंपुढे दुसरा पर्याय होता असे मात्र म्हणता येत नाही.

काही वर्षांनी या मायलेकी रघुनाथराव गोखले व त्यांच्या बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत काम करू लागल्या. फाळके यांच्या चित्रपटात त्यांचा प्रवेश झाला तो या काळात.

फाळके आणि स्त्री कलाकारांचा शोध

त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत दादर येथे तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री हवी होती. त्यांनी जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारणा केली, परंतु कोणीही तयार झाले नाही. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दरमहा १० रुपयांवर नोकरी करणारा अण्णा साळुंके हा तरुण १५ रुपये पगारावर तारामती झाला. सिनेमात काम करणे इतके लाजिरवाणे समजले जाई की, लोकांनी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगावे, अशी सूचना फाळके आपल्या नटांना देत, अशी आठवण सांगितली जाते.

तारामतीसाठी फाळके यांनी प्रथम आपल्या पत्नीलाच विचारले होते. सरस्वतीबाईंनी नकार दिला, आणि त्याचे कारण त्यांच्या कामाच्या व्यापात होते. चित्रपटाच्या संपूर्ण चमूचा स्वयंपाक त्या करीत. पोशाख धुणे, कच्च्या फिल्मच्या कडांना यंत्राने भोके पाडणे, रसायने मिसळणे आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे ही कामेही त्यांच्याकडे होती. त्यांचे दागिने या उद्योगासाठी गहाण पडले होते. पदरी लहान मुले होती व त्यांतील भालचंद्र यानेच रोहिताश्वाची भूमिका केली. या सर्व श्रमांबद्दल सरस्वतीबाईंना वेतन नव्हते आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या वर्षातील मातांचा विचार करताना दुर्गाबाईंच्या शेजारी सरस्वतीबाईंचे नाव घेणे आवश्यक ठरते. एकीला मोबदला मिळाला व त्यासोबत बदनामी मिळाली. दुसरीला प्रतिष्ठा होती, परंतु तिच्या कामाला काम म्हणून ओळखच नव्हती.

नाशिक आणि 'मोहिनी भस्मासुर'

'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर ऑक्टोबर १९१३ मध्ये फाळके यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलविला. गोदावरीचा घाट, मंदिरे, आसपासचे डोंगर व झाडी यांमुळे पौराणिक कथांना साजेशी स्थळे येथे सहज उपलब्ध होती. त्या काळात चित्रीकरण सूर्यप्रकाशातच होत असल्याने मोकळी जागा हीच मोठी गरज होती. नाशिकमधील फाळके यांचा कारखाना एकत्र कुटुंबासारखा चाले. कलाकार व कारागीर तेथेच राहत, जेवत आणि शिस्तीने दिवस काढीत. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडातून आलेल्या दुर्गाबाईंना व कमलाला ही राहणी परकी वाटण्यासारखी नव्हती.

नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या चित्रपटासाठी फाळके यांनी भस्मासुराची कथा निवडली. ज्याच्या मस्तकावर हात ठेवील तो भस्म होईल असा वर शंकराकडून मिळविलेला भस्मासुर शंकराच्याच पाठीस लागतो. तेव्हा विष्णू मोहिनीचे रूप घेऊन त्याच्यासमोर नृत्य करतो आणि नृत्याचे अनुकरण करता करता भस्मासुर स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. मोहिनीच्या भूमिकेसाठी नृत्य अवगत असलेली कलावती हवी होती व कमला त्यासाठी योग्य होती. दुर्गाबाईंकडे पार्वतीची भूमिका आली. गंमत अशी की, पुरुष कलाकार स्त्रीरूप घेत असण्याच्या त्या काळात, पुरुष देवतेने घेतलेल्या स्त्रीरूपासाठी मात्र फाळके यांना खरी मुलगी मिळाली.

या निवडीत आईचे सोबत असणे निर्णायक ठरले असावे. १३ वर्षांच्या मुलीने एकटीने परगावी जाऊन पुरुषांच्या मेळ्यात काम करणे शक्य नव्हते. आई त्याच चित्रपटात काम करीत असल्याने मुलीला सोबत मिळाली व आईलाही मुलीपासून दूर राहावे लागले नाही. दहा वर्षांपूर्वी नाटक मंडळीत जी सोय दुर्गाबाईंनी साधली होती, तीच येथे पुन्हा साधली गेली. फरक एवढाच होता की, आता मुलगी मांडीवरची राहिली नव्हती आणि प्रमुख भूमिका तिची होती.

कामाच्या स्वरूपातही बदल होता. नाटक रात्री चाले, तर चित्रीकरण दिवसा उन्हात होई. मूकपट असल्याने गळ्याचा उपयोग नव्हता व ज्या गायनावर नटीची किंमत ठरे ते येथे निरुपयोगी होते. प्रेक्षकांची दाद नव्हती, समोर होता तो हाताने फिरविला जाणारा कॅमेरा. सुमारे ३,२४५ फूट लांबीचा हा चित्रपट जानेवारी १९१४ मध्ये मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात 'पिठाचे पंजे' या लघु विनोदी पटासह दाखविण्यात आला. फाळके यांनी त्याच वर्षी इंग्लंडला नेलेल्या तीन चित्रपटांमध्ये 'मोहिनी भस्मासुर'चा समावेश होता. म्हणजे ज्ञातीने वाळीत टाकलेल्या या स्त्रीची पार्वती लंडनमधील चित्रपट व्यावसायिकांपर्यंत पोहोचली. पूर्ण चित्रपट आज उपलब्ध नाही.

चित्रपटानंतर

'मोहिनी भस्मासुर'मुळे स्त्रियांसाठी चित्रपटाचे दार उघडले, असे विधान अनेकदा केले जाते. ते काहीसे घाईचे आहे. फाळके यांच्याच १९१७ मधील 'लंका दहन' या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा अण्णा साळुंके यांनी केल्या. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बालकृष्णाचे काम फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केले, परंतु ती घरचीच मुलगी होती. बाहेरच्या घरातून स्त्री कलाकार मिळणे पुढेही कठीणच राहिले. दुर्गाबाई व कमला यांना फाळके यांच्याकडे आणले ते नव्या कलेच्या आकर्षणापेक्षा पोटाच्या निकडीने, आणि तशी निकड व तसे धैर्य एकत्र असलेल्या स्त्रिया मोजक्याच होत्या.

मायलेकी त्यानंतर पुन्हा नाटकाकडे वळल्या. नाटक हेच त्यांचे नियमित उत्पन्नाचे साधन होते.

कन्या कमलाबाई गोखले

कमलाबाईंचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव स्वतः स्त्रीभूमिका करणारे नट होते. चंद्रकांत, लालजी व सूर्यकांत हे त्यांचे तीन मुलगे. तिसरा मुलगा पोटात असतानाच रघुनाथरावांचे निधन झाले. त्या वेळी कमलाबाई सुमारे २५ वर्षांच्या होत्या. दुर्गाबाईंना ज्या वयात व ज्या अवस्थेत पोटासाठी उभे राहावे लागले होते, जवळजवळ तीच अवस्था एका पिढीनंतर मुलीच्या वाट्याला आली. या वेळी मुले तीन होती.

कमलाबाईंनीही नाटकालाच जवळ केले. स्त्रीभूमिकांप्रमाणेच त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. मनोहर स्त्री संगीत मंडळीसारख्या, केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्यांमध्ये हे ओघानेच येई. गरोदरपण व बाळंतपण या काळात नटीला कोणतेही कायदेशीर संरक्षण नव्हते. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा केला, परंतु तो कारखान्यातील कामगार स्त्रियांपुरता होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातही आरंभी कारखाने, खाणी व मळे यांचाच विचार होता. घोडेस्वारी, कसरती व तत्सम खेळ करणाऱ्या संस्थांमधील स्त्रिया त्यात आल्या त्या १९७३ च्या दुरुस्तीने. नाटक कंपनीत काम न करता बसून राहणाऱ्या नटीला पगार कोण देणार, हा प्रश्न त्यामुळे मालकाच्या मर्जीवर सुटे किंवा सुटतच नसे.

बोलपटांचा काळ आल्यावर कमलाबाई पुन्हा चित्रपटांकडे आल्या व त्यांनी एकूण सुमारे ३५ चित्रपटांत भूमिका केल्या. १९८० मधील 'गहराई' हा त्यांचा अखेरच्या चित्रपटांपैकी एक होय. थोरले चंद्रकांत यांना रीतसर शाळा फारशी लाभली नाही. आईनेच त्यांना घरी लिहावाचावयास शिकविले आणि तेही बालवयातच रंगमंचावर आले. दुर्गाबाईंनी कमलाबाईंना वाढविण्याची जी रीत स्वीकारली होती तीच येथे पुन्हा दिसते. लालजी व सूर्यकांत हे दोघे तबलावादक झाले. लालजी यांनी उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्याकडे शिक्षण घेतले.

उत्तरायुष्यात कमलाबाई पुण्यात राहत. रीना मोहन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट तयार केला. नव्वदी गाठलेल्या कमलाबाईंच्या या आठवणींमुळे दुर्गाबाईंच्या संघर्षाची माहिती नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

मूल्यमापन

भारतीय चित्रपटातील पहिली अभिनेत्री कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना कधी दुर्गाबाईंचे तर कधी कमलाबाईंचे नाव घेतले जाते. दोघींनी एकाच चित्रपटात काम केल्यामुळे हा घोटाळा होतो. कमलाबाई या पहिल्या नायिका व पहिल्या बालकलावती, तर दुर्गाबाई या पहिल्या प्रौढ अभिनेत्री असा भेद सामान्यतः केला जातो. नावसाधर्म्यामुळे दुर्गाबाई कामत व दुर्गा खोटे यांच्यातही गल्लत होते. दुर्गा खोटे यांनी १९३१ मध्ये 'फरेबी जाल' या चित्रपटाद्वारे पदार्पण केले. म्हणजे दोघींमध्ये १७ वर्षांहून अधिक अंतर आहे. खोटे यांना सुखवस्तू घराण्याची पार्श्वभूमी असली तरी सासरची आर्थिक स्थिती ढासळल्यावर, दोन लहान मुलांची आई असताना, अर्थार्जनासाठीच त्या या व्यवसायात आल्या व त्यांच्यावरही सुरुवातीला कडाडून टीका झाली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात त्यांनी तारामती साकारली. एकोणीस वर्षांपूर्वी याच भूमिकेसाठी फाळके यांना एकही स्त्री मिळाली नव्हती.

नाशिकमध्ये पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. फाळके यांचे निधन १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथेच झाले. १९१८ मध्ये त्यांनी येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन केली, परंतु दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे काम केले ते त्याआधीच्या, घरगुती स्वरूपाच्या कारखान्यात, ज्याच्या स्वयंपाकघराचा भार सरस्वतीबाई वाहत होत्या.